बिनहळदीची बारीक शेव

माझी हनुवटी मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली ती मोहोळच्या एका मंगल कार्यालयात, आणि तेव्हा ती दहा फूट उंच होती.

नणंदेच्या मुलाचं लग्न होतं. हल्ली स्टेजशेजारी मोठा पडदा लावायची फॅशन आलीय. कॅमेरावाला पाहुण्यांची तोंडं हुडकत मांडवभर फिरतो आणि सापडेल ते तोंड पडद्यावर टाकतो. मी अक्षता टाकायला मान वर केली आणि नेमकी त्याला सापडले. बाजूच्या खिडकीतून ऊन येत होतं. त्या उन्हात माझ्या हनुवटीवरचे, सकाळी चिमट्यातून निसटलेले केस असे काही चमकले की विचारू नका. घरच्या आरशात ते केस असतात. पडद्यावर उसाचं रान होतं.

"आई, सोलापूरच्या आजीला दाढी हाय!"

ही नणंदेची नात. वय वर्षं पाच. मंगलाष्टक संपून वाजंत्री सुरू व्हायच्या मधे जी एवढीशी शांतता असते, तिच्यात ओरडली. (मोठेपणी ही मुलगी रेल्वेत गाड्यांची घोषणा करणार, लिहून ठेवा.)

माझ्या शेजारी आत्या बसल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना लांबचं दिसत नाही, आणि चष्मा पिशवीत, पिशवी गाडीत. कान मात्र शाबूत.

"कुणाला दाढी हाय म्हणती गं?"

"नवरदेवाला," मी म्हणाले.

"व्हय की. हल्लीची पोरं ठेवत्यात," आत्या म्हणाल्या, आणि मी वाचले.

आता मी एवढी का घाबरले ते सांगते. माझ्या लग्नापासून आत्या अख्ख्या भावकीत एकच गोष्ट सांगत आल्या आहेत. "आमची सून बघा. तोंडावर एक लव न्हाय!" मला स्वयंपाक फारसा जमत नाही, शिवण येत नाही, आवाज तर शाळेच्या घंटेसारखा आहे. सासरी माझी जी काय किंमत आहे ती या एका वाक्यावर उभी होती. चाळिशी उलटल्यावर हनुवटीनं दगा दिला, तेव्हापासून मी रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चिमटा घेऊन आरशासमोर उभी राहत होते. आत्या शेजारणींना सांगायच्या, सून लवकर उठून देवाचं करते.

त्यातच आमच्या लेकीचं, ऋतुजाचं लग्न जमलं. कुर्डुवाडीचं स्थळ, मुलगा रेल्वेत. साखरपुडा हिवाळ्यात सोलापुरातच करायचा ठरला, आणि ऋतुजानं काय केलं असेल? हौसेनं मोठा पडदा ठरवून टाकला. मी त्याच आठवड्यात गुपचूप एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्या म्हणाल्या, "लेझर करू. पण आधी त्वचा तयार करावी लागेल. महिनाभर चिमटा, थ्रेडिंग, वॅक्स काही नाही. केस मुळापासून उपटायचेच नाहीत."

"मग ते वाढतील की हो."

"वाढू द्या. मूळ असलं तरच लेझर त्याला पकडतो. उन्हात फिरू नका. आणि चेहऱ्यावर हळद, क्रीम, घरगुती लेप अजिबात नको."

सोलापूर, एप्रिल महिना, आणि उन्हात फिरू नका! मी मान डोलावली आणि बाहेर आले.

आमचे हे अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात हिशेब बघतात. त्यांना तेवढं विश्वासात घेतलं.

"अगं, मला तर तुझ्या तोंडावर कधी काही दिसलं नाही."

"तुम्हाला कपाटातली बनियन दिसत नाही," मी म्हणाले. विषय संपला.

तो महिना कसा काढला ते माझं मला माहीत. आत्यांना सांगितलं, उन्हाची ॲलर्जी आहे, डॉक्टरांनी तोंड झाकायला सांगितलंय. रस्त्यावर स्कार्फ बांधलेल्या बायकांची सोलापुरात काही कमी नाही, पण मी घरातही बांधायला लागले. भाकऱ्या थापताना स्कार्फ. टीव्ही बघताना स्कार्फ. जेवताना तो वर करायचा, घास आत सारायचा आणि परत सोडायचा. आत्या बिचाऱ्या काळजीनं रोज हळद-दुधाच्या सायीचा लेप घेऊन माझ्यामागे फिरायच्या आणि मी पुढे पळायचे. स्कार्फच्या आत हनुवटीवर काय चाललं होतं ते बघायची माझी हिंमत नव्हती. हात लावला तर पायपुसण्यासारखं लागायचं.

शेवटी लेझरचा दिवस उद्यावर आला. संध्याकाळी मी भाकरीच्या पिठात हात घालून बसले होते, आत्या मेथी निवडत होत्या. फोन वाजला. मी कोपरानं स्पीकर लावला. दवाखान्यातली मुलगी होती.

"मॅडम, उद्या अकरा वाजता यायचंय नं? येताना शेव करून या."

मी शाळेत मराठी शिकवते. मुलांनी जोडाक्षर चुकवलं की अर्धा मार्क कापते आणि वर प्रवचन देते. एका क्षणात कळलं, या मुलीनं 'व्ह'मधला 'ह' खाल्ला. पण सांगणार कसं? दुरुस्ती करायची तर तो शब्द आत्यांच्या समोर उच्चारावा लागणार! मी तोंड मिटून बसले. ती मुलगी बोलतच होती.

"एकदम बारीक करा. आणि घरीच करा हं, बाहेरून करून घेऊ नका. हळद-बिळद, तेल-बिल काही नको."

फोन बंद झाला. आत्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"डॉक्टरीण शेव मागती?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? "त्यांना आवडते."

"बघ की! एवढी शिकलेली बाई, पर घरचीच शेव पायजे म्हणती. पर हळद न्हाय घालायची म्हंजी पांढरीफटक दिसंल. आन् तेल न्हाय म्हणती, मग तळायची कशात, पाण्यात?" आत्यांनी जरा विचार केला. "मोहन कमी घालायला सांगत आसंल. पथ्य आसंल तिला."

आणि त्या उठल्या. आत्यांची शेव आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. त्यांनी डाळीचं पीठ काढलं, ओवा कुटला, सोऱ्या धुतला, बारीक चकती घातली आणि म्हणाल्या, "माझं मनगट दुकतंय. सोऱ्या तू फिरव."

उन्हाळ्यातली संध्याकाळ, खाली उकळतं तेल, वर मी, माझ्या तोंडाला गच्च स्कार्फ. एक थेंब जरी हनुवटीवर उडाला असता तरी महिन्याची तपश्चर्या मातीत गेली असती. त्यामुळे प्रत्येक घाणा मी हात लांब करून, मान उलट्या दिशेला वळवून, शेजारच्या भिंतीकडे बघत टाकला. निम्मी शेव कढईत पडली, निम्मी ओट्यावर.

"तोंड सोड की. घामानं जीव जाईल तुजा."

"ॲलर्जी आहे, आत्या."

"बाई गं, शेवंचीबी?"

रात्री दोन डबे भरले तेव्हा मी इतकी दमले होते की ज्या कामासाठी हे सगळं झालं तेच राहून गेलं. सकाळी आठवलं. मी गुपचूप कळवल्यावरून ह्यांनी काल कारखान्यातून येताना माझ्यासाठी नवा रेझर आणला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून, चोरीचा माल दिल्यासारखा दिला होता. तो घेऊन मी बाथरूममध्ये गेले. हनुवटीला फेस लावला. आयुष्यात पहिल्यांदा दाढी करत होते, त्यामुळे ह्यांच्यासारखंच गाल फुगवून, एक डोळा बारीक करून बघत होते. (त्याची काही गरज नसते. हे अजून तसंच करतात.)

निम्मी हनुवटी झाली आणि बाहेर फोन वाजला.

"तुज्या डॉक्टरणीचा हाय! घेऊ का?"

मी "नको" म्हणणार तर तोंडात फेस गेला. आत्यांनी त्याचा अर्थ "घ्या" असा घेतला. आत्या फोन नेहमी स्पीकरवर घेतात आणि समोरचा बार्शीत असल्यासारख्या बोलतात.

"मॅडम, शेव झाली का?"

"झाली की. काल सांजच्यालाच केली."

"एकदम बारीक झालीय नं?"

"बारीक हाय. शेवटी शेवटी जराशी जाड ऱ्हायली."

"अहो, जाड राहिली तर लेझरनं भाजेल."

"भाजंल कशानं? चांगली तळलीया की!"



"तळली?"

"कडकडीत तेलात. सुनंचं तोंड निसतं कढईवर हुतं बघा तासभर. लई निगुतीनं केलं पोरीनं."

"तोंड तेलात..." मुलीचा आवाज कापायला लागला. "मॅडम, मी डॉक्टरांना सांगते. भाजलेल्या चेहऱ्यावर लेझर करता येत नाही. आजची वेळ कॅन्सल करते. पुढची मिळायला आता..."

मी कडी काढली आणि धावले. निम्म्या हनुवटीवर फेस, हातात रेझर, गाऊन ओला. फोन आत्यांच्या हातातून घेतला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा शाळेच्या आवाजात ओरडले, "काही भाजलेलं नाही! मी शेव्ह करतेय! शेव्ह! 'व'ला 'ह' जोडायचा, शेव्ह! माझी हनुवटी मी शेव्ह करतेय आणि मी अकराला येतेय!"

फोन ठेवला. घरात इतकं सामसूम झालं की डब्यातली शेव बसल्याचा आवाज आला असता. आत्यांनी कनवटीचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"दाढी करतीयास?"

"हो," मी म्हणाले. "आत्या, माझ्या तोंडावर केस येतात. कधीपासूनच येतात. तुम्ही सगळीकडे सांगत फिरता आणि मी रोज पहाटे उठून..."

आत्या खाली बसल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि कमरेची चंची सोडून तिच्यातून त्या काटे काढायला म्हणून बाळगायच्या तो जुना, घासून पांढरा झालेला चिमटा काढून माझ्यापुढे धरला.

"हे काय काटं काढायला बाळगती व्हय मी?"

"तुम्हीच तर तसं सांगितलं होतं!"

"मग काय सांगू? तुज्या लग्नाच्या आदीपासनं उपटतीया."

"मग माझ्या तोंडावर एक लव नाही म्हणून जगाला सांगत होता, ते?"

"लोकांनी तुज्या तोंडाकडं बगावं, माझ्याकडं न्हाय, म्हणून सांगत हुते," आत्या म्हणाल्या. "आता ती उरलेली निम्मी कर जा. आन् मीबी येती."

खरं सांगते, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. उरलेली हनुवटी मी दार उघडं ठेवून केली. आत्या चौकटीत उभ्या राहून "डाव्या अंगाला ऱ्हायलंय" असं सांगत होत्या. स्कार्फ मी तिथेच खुंटीला टांगला.

दवाखान्यात माझं काम झालं. गरम तव्यावरची मोहरी अंगावर उडाल्यासारखं टुचटुच होतं, तेवढंच. आत्यांनीही हनुवटी पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं.

"आजी, तुमचे सगळे पांढरे झालेत. लेझरला पांढरे केस पकडता येत नाहीत."

"म्हंजी त्येलाबी चष्मा लागतोय," आत्या म्हणाल्या, आणि शेवेचा डबा टेबलावर ठेवला. फोनवरच्या त्या मुलीनं अर्धा डबा उभ्या उभ्याच संपवला आणि निघताना म्हणाली, "पुढच्या वेळी पण शेव करून या हं." कुठली, ते मी विचारलं नाही. नंतर दर खेपेला दोन्ही करून गेले.

साखरपुड्यापर्यंत हनुवटी अशी गुळगुळीत झाली की मी तिच्यावरून येता-जाता हात फिरवायला लागले. कार्यक्रमाला कुर्डुवाडीची सगळी मंडळी समोर, बाजूला मोठा पडदा, आणि फराळाला आत्यांची शेव, आता रीतसर हळद घातलेली. मी दोन घास खाऊन घाईघाईनं पुढे आले. कॅमेरावाला माझ्याकडे वळला. या दिवसासाठीच तर सगळं केलं होतं. मी पळाले नाही, स्कार्फ शोधला नाही. पदर सारखा केला, मान ताठ केली आणि हनुवटी जितकी वर जाईल तितकी वर केली. पडद्यावर दहा फूट उंच, नितळ, एक लव नसलेली हनुवटी आली, आणि तिच्या अगदी मधोमध एक पिवळी, वाकडी, लांबलचक...

"आई, सोलापूरच्या आजीच्या दाढीला शेव लागलीय!"

उच्चार अगदी शुद्ध होता. अर्धा मार्कसुद्धा कापता आला नाही.