माझी पुरवणी

"देऊन टाक न वो. तुले काय कलेक्टर व्हाचं हाय?"

असं म्हणत सरांनी माझ्या हाताखालची पुरवणी ओढली. दहावीचा इंग्रजीचा पेपर होता. मी निबंधाच्या शेवटच्या ओळीवर होते. ओढताना पेनाची रेघ कागदभर गेली. सरांनी पुरवणी मागच्या बाकावर नेऊन ठेवली. तिथे आमच्या शाळेच्या संस्थाध्यक्षांचा मुलगा बसला होता. तोवर तो खिडकीबाहेर बघत होता.

वर्ग हसला. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. रोजचंच होतं ते, म्हणून हसले. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

चामोर्शीकडच्या आमच्या गावात इंग्रजीच्या पेपरचा दिवस म्हणजे सण. बाकीच्या पेपरांना शाळेबाहेर चार माणसं, इंग्रजीला अख्खा गाव. काका, मामा, जावई चिठ्ठ्या घेऊन खिडक्यांना लोंबकळायचे. शिपाई पाणी पाजायच्या निमित्ताने उत्तरं पोचवायचा. पर्यवेक्षकांचं जेवण अध्यक्षांच्या घरून. आणि ज्या पोराला चिठ्ठीतलं उतरवणंही जमत नसे, त्याच्यासाठी कुणाची तरी पुरवणी फिरवायची. ती हुशार मुलाची असावी लागे आणि तो गरीबही असावा लागे. हुशार मुलगा पैसेवाल्याचा असला, तर त्याच्या बाकाकडे कोणी फिरकत नसे.

आम्ही मणियार. अब्बा आणि अम्मी बांगड्या विकायचे. मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा आणि परीक्षा पाठोपाठ यायच्या, म्हणून माझा अभ्यास जत्रेतल्या दुकानात व्हायचा. बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या, आणि गिऱ्हाईक उठलं की मांडीखालचं पुस्तक काढायचं. शाळेत सर इंग्रजीचा धडा मराठीत सांगायचे आणि फळ्यावर निबंध लिहून म्हणायचे, पाठ करा. मला पाठ होत नसे. मग मी समोर दिसेल त्याची वाक्यं जुळवू लागले. वैनगंगेतली नाव. हरवलेलं पोर शोधणारी बाई. मनासारखी बांगडी मिळाली नाही म्हणून रुसलेली नवी नवरी. वाक्यं चुकायची, पण ती माझी होती. त्या वर्षी पेपरात निबंधाला विषय आला जत्रेचा. मला इतका आनंद झाला, की तो प्रश्न मी तीनदा वाचून खात्री केली.

तीच पुरवणी गेली.

घंटा व्हायची वेळ आली तरी परत आली नाही. मी उठून मागितली. सर म्हणाले, "आणून देतो, बस तू." मग पेपर गोळा झाले. मी पुन्हा मागितली. सर म्हणाले, "मेन पेपर दिला न? मंग झालं. जा घरी."

मी घरी गेले. अम्मीने विचारलं, "कैसा गया?" मी म्हटलं, "अच्छा गया."

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत नापास. अध्यक्षांचा मुलगा पास. त्यांनी बाजारभर पेढे वाटले, आमच्या दुकानातही पेढा आला. दुसऱ्या बाजाराला त्याची बहीण बांगड्या भरायला आली. तो मोटरसायकलवर बसून वाट बघत होता. मला म्हणाला, "तुह्या पुरवणीनं वाचवलं मले. उतरवाले टाईम कुठी होता? तशीच बांधून देल्ली."

तशीच. माझ्या अक्षरातली. स्वतःच्या उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधून. अर्धा पेपर एका अक्षरात, अर्धा दुसऱ्यात, आणि कुणाच्या डोळ्याला ते खुपलं नाही. माझी नदी, माझी रुसलेली नवरी त्याच्या नंबराखाली पास झाली होती, आणि मी नापास.

त्याच्या बहिणीचा हात माझ्या हातात होता. मी बांगड्या भरत राहिले. अब्बा त्याच्याकडे बघून हसले. अशा माणसांनी काहीही म्हटलं तरी हसायची त्यांना सवय होती. त्या हसण्याचा मला जेवढा राग आला, तेवढा त्या मुलाचाही आला नाही.

ऑक्टोबरच्या परीक्षेला पुन्हा बसले. तीच शाळा. इंग्रजीचा अभ्यास मी केलाच, पण खरी तयारी वेगळीच चालली होती. पाणी भरताना, दुकान आवरताना मी मनातल्या मनात म्हणून बघायची, देणार नाही. तेही अर्ध्यावर राहायचं. आमच्या घरात मोठ्या माणसापुढे तो शब्द कुणी काढलाच नव्हता.

पेपरच्या दिवशी वर्गात तेच सर. या वेळी पुरवणी हवी होती ती तांदूळ गिरणीवाल्याच्या पुतण्याला. मी पुरवणी भरत आणली तसे सर आले.

"आण वो."

मी दोन्ही कोपरं कागदावर टेकवली. "नाई देत."

"काय म्हनली?"

"नाई देत, सर."

सर वाकले. खाली पडलेली एक चिठ्ठी उचलून त्यांनी माझ्या बाकावर ठेवली आणि हळूच म्हणाले, "कॉपी केस करू काय? मंग बस घरी."

ते करू शकत होते. तेवढ्यात बाहेर पळापळ झाली. भरारी पथकाची जीप आली होती. खिडक्या रिकाम्या झाल्या, सरांनी चिठ्ठी खिशात घातली. पथकाच्या मॅडम दारात आल्या. "सगळं ठीक आहे ना?"

"हो मॅडम," सगळा वर्ग म्हणाला.

मी उभी राहिले. "ठीक नाई म्याडम. सर माझी पुरवणी दुसऱ्याले द्याले लावून राह्यले. मार्चमधे बी नेली, म्हणून मी नापास झाली."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर हसत म्हणाले, "गरिबाची पोर आहे मॅडम. घाबरली आहे."

"पेपर लिही बाळ," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या. पुढल्या वर्गात नाही, जेवायला. जीप अध्यक्षांच्या घराकडे वळताना मला खिडकीतून दिसली.

एवढंच झालं. पण त्यानंतर सर माझ्या बाकाजवळ आले नाहीत. मी लिहून संपवलं आणि पुरवणी माझ्याच उत्तरपत्रिकेला बांधली.

संध्याकाळी अध्यक्षांचा माणूस दारात. "पोरीले साहेबाच्या घरी पाठव. माफी मागू दे. नाई तं बाजारातली जागा सोड." बाजारातल्या जागा अध्यक्षांच्या शब्दावर मिळायच्या.

अब्बा मला म्हणाले, "मांग ले बेटी. दो लफ़्ज़ तो हैं."

मी म्हटलं, "नहीं मांगूंगी."

त्यांनी हात उगारला. मारला नाही. खाली बसले आणि रडले. अब्बांना मी पहिल्यांदा रडताना पाहत होते. माझा जीव तुटला. एकदा वाटलं, जावं, दोन शब्द टाकावेत आणि मोकळं व्हावं. पण मी माफी मागितली असती, तर सरांनी नेली ती पुरवणी त्यांचीच होती असं मी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं असतं.

पुढच्या बाजाराला आम्हाला गटाराच्या कडेला बसवलं. अम्मीने चादर अंथरली. अब्बा माझ्याशी बोलत नव्हते. निकाल यायचा होता, काय लागेल ते ठाऊक नव्हतं. नापास झाले तर पुन्हा बसेन. तेच सर असले तर असोत. ही जागाही गेली तर टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरेन. अब्बा कधीच बोलले नाहीत, तर तेही सोसेन. पण मी लिहिलेलं आता दुसऱ्याच्या नंबराखाली जाणार नाही. आणि नाही म्हटल्याची माफी मी कुणाकडेही मागणार नाही, अब्बांकडेसुद्धा नाही.