सैल पँट

मुलांनो, परभणीला आमच्या शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. तोंडात टाचण्या धरलेल्या असल्याने त्यांचं प्रत्येक वाक्य ओठाच्या कोपऱ्यातून यायचं. होजिअरीचं कापड मशीनवर ताणलं जाऊ नये म्हणून त्या खाली वर्तमानपत्राची पट्टी घेऊन शिवायच्या आणि नंतर ती टराटरा फाडून काढायच्या.

एकदा समोरच्या घरातल्या सुनेचा पाय उकळत्या पाण्याने पोळला. साडी घासली की ती कळवळायची, आणि घरकाम तर सुटत नव्हतं. बाईंनी तिला होजिअरीची रुंद पायांची पँट शिवून दिली. सासू ती परत घेऊन आली.

“सुनेनं गड्यावानी पँट घालून अंगण झाडायचं? लोक काय म्हनतील?”

“थांबा, लोकायलाच इचारते,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः तसलीच पँट आणि वर नवऱ्याचा सदरा घालून सार्वजनिक नळावर आल्या. रांगेतल्या बायका खिदळल्या.

“हसा, हसा! मला तर लय मोकळं वाटायलंय,” म्हणत त्यांनी शांतपणे घागर भरली.

रोज त्या तशाच येत राहिल्या. हळूहळू हसणं थांबलं. एकीने तर कापड कुठे मिळतं म्हणून विचारलं. मग एका सकाळी सून बाईंकडून परत नेलेली ती पँट घालून अंगण झाडताना दिसली. सासू ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

त्याच दिवशी बाई पुन्हा साडीत आल्या.

“का हो, मोकळं वाटत होतं ना?” मी विचारलं.

“कशाचं मोकळं, काकू! लाजंनं जीव चालल्ता माझा.”