सावलीच्या डॉक्टरांची गाडी

गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात माझी सगळी नोकरी यंत्रांच्या देखभालीत गेली. निवृत्त होऊन चंद्रपूरच्या घरी आलो तेव्हा हातांना काहीतरी काम हवंच होतं. त्याच सुमारास सावली गावच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी माझ्याकडे आली. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. त्यांच्या पत्नी, डॉक्टरीणबाई, म्हणाल्या, “घेऊन जा भाऊ. चालू झाली की मले एकदा वैनगंगेच्या पुलापर्यंत नेजा, बस.”

पत्रा ठोकून सरळ केला, रंग दिला, इंजिन उतरवून पुन्हा बसवलं. जे भाग गंजून गेले होते ते नागपूरच्या बाजारातून शोधून आणले. पुढच्या हिवाळ्यात गाडी तयार होऊन उभी राहिली. पण एक खोड काही जाईना. गावातल्या गावात छान चालायची. मूल गावच्या रस्त्याला लागली की काही अंतर गेल्यावर आचके द्यायची आणि बंद पडायची. मी बॉनेट उघडून डोकं खाजवत उभा राहायचो. थोड्या वेळाने चावी फिरवली की ती पुन्हा सुरू व्हायची.

गरम झाल्यावर ठिणगीची कॉइल दगा देत असेल म्हणून ती बदलली. पॉइंट घासले, कार्बोरेटर कितीदा उघडला याचा हिशोब नाही. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपाला ओलं फडकं गुंडाळून पाहिलं. एकदा तर चिडून गाडीशी बोललोच नाही, चार दिवस तिच्यावर ताडपत्री टाकून ठेवली. बायको म्हणाली, “रुसून का होते? तिले थोडीच समजते!”

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “भाऊ, चालू झाली म्हणते गाडी. मंग माह्याकडे काऊन नाई आणली?”

खोड सांगायची लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन निघालो. सावलीला पोचेपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. डॉक्टरीणबाई इस्त्रीचं लुगडं नेसून दारातच बसल्या होत्या. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी दारावरून हात फिरवला आणि पुढच्या सीटवर बसल्या.

पुलाच्या दिशेने निघालो. धान कापून झालं होतं. दोन्ही बाजूंच्या शेतांत रिकाम्या बांध्या आणि वाळल्या तणसाचे ढीग. बाई एकेक गाव दाखवत होत्या, इथे कुणाचं बाळंतपण झालं, तिथे कुणाला साप चावला होता. आणि नेमकं तेव्हाच गाडीने आचका दिला, दुसरा दिला आणि ती रस्त्याच्या कडेला थांबली.

“काय झालं जी?” त्यांनी विचारलं.

शेवटी सगळं सांगितलं. काय काय बदललं, काय काय तपासलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब असताना पंक्चर व्हायची, कधी बॅटरी उतरे. पण असं चालता चालता बंद पडून राह्यली, असं कधी नाई झालं. हे दुखणं तिचं नाई भाऊ. तुमी काही नवीन लावलं असन, त्याचं आहे.”

मी इतके दिवस जुन्यावरच संशय घेत होतो. आता नवं काय काय ते आठवू लागलो. टायर, वायरी, काचेचं रबर. पेट्रोलची नळी, ती मी फुंकून पाहिली होती. तेवढ्यात बायको म्हणाली, “पेट्रोल तं आहे ना पहा आधी.”

मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. ‘सूंऽऽ’ करून हवा आत गेली. बायकोलाही ऐकू आलं. झाकण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. जुनं झाकण गंजलं होतं म्हणून हे चकचकीत नवं बसवलं होतं, आणि त्याला हवेसाठीचं बारीक भोकच नव्हतं. पेट्रोल खाली उतरत होतं, त्याच्या जागी हवा जायला वाट नव्हती. टाकी पेट्रोल आतून ओढून धरत होती, इंजिनाला घोट मिळत नव्हता. उभी राहिली की कुठून तरी हळूहळू हवा शिरायची आणि गाडी सुरू व्हायची. कारखान्यात एवढ्या टाक्या पाहिल्या, पण हे मनातच आलं नव्हतं.

झाकण सैल लावून त्यावर फडकं बांधलं आणि निघालो. मी रस्त्यापेक्षा इंजिनाकडेच कान लावून होतो. व्याहाड गाव मागे पडलं, तरी आचका नाही.

पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. खाली वैनगंगेचं पाणी वाळूतून पसरून वाहत होतं. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “भाऊ, भोंगा वाजते का?”

“वाजते ना.”

“साहेब वाजवू नाई देत होते. म्हणे, आधीच घाबरले राह्यते लोक, डॉक्टरची गाडी आली की.” असं म्हणून त्यांनी हात लांब करून भोंगा दाबला. एकदा, मग आणखी एकदा, चांगला लांब. पुलावरून सायकलने येणारा एक माणूस दचकून थांबला. बाईंनी त्याला हात जोडले आणि खुदकन हसल्या. मागे बायकोही हसू लागली.

परतताना आम्ही रस्त्यावर बोरं घेतली. सावली येईपर्यंत बाईंचा डोळा लागला होता. घरासमोर इंजिन बंद केलं तेव्हा त्या जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, “चहा घेऊनच जाजा.”