डावीकडचा दांडा

दर रविवारी दुपारी मी करंजाड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून दीडशे-दोनशे माणसांचं विमान उडवतो आणि दर रविवारी ते विमान माझं ऐकत नाही. विमान खोटं आहे, संगणकातलं. जॉयस्टिक खरी आहे आणि संताप तर शंभर टक्के खरा. त्यात भर म्हणजे खिडकीतून नव्या विमानतळावर उतरणारी खरी विमानं दिसतात. मी पडद्यासमोर घाम गाळत असतो आणि ती बाहेर काही झालंच नाही अशा थाटात खाली जातात.

सगळ्या भांडणाचं मूळ ऑटोथ्रॉटल. विमान हाताने उडवायचं म्हणजे दोन कामं आली. जॉयस्टिकने विमानाचं नाक सांभाळायचं आणि थ्रॉटलचा दांडा पुढे ढकलून इंजिनांची ताकद वाढवायची, मागे ओढून कमी करायची. ऑटोथ्रॉटल लावला की हे दुसरं काम यंत्र करतं. आपण वेग ठरवून द्यायचा, तो राखायचं यंत्राने. ऐकायला मदत वाटते. प्रत्यक्षात मी नाक केसभर वर घेतलं की वेग जरा पडतो, यंत्र घाबरून ताकद वाढवतं, आणि इंजिनं पंखांखाली लटकलेली असल्यामुळे ताकद वाढली की नाक आणखी वर जातं. मी ते खाली दाबतो. मग वेग वाढतो, यंत्र ताकद काढून घेतं, नाक भसकन खाली. मी ओढतो. असं आमचं धावपट्टीपर्यंत चालतं, एका स्कूटरचं हँडल दोघांनी धरावं तसं.

मग बंद का करत नाहीस, असं कुणीही विचारेल. कारण थ्रॉटल डाव्या हाताला असतो आणि माझा डावा हात चालत नाही.

कळंबोलीला लोखंड बाजाराच्या वळणावर सांडलेल्या ऑइलवरून माझी स्कूटर घसरली. मी खांद्यावर पडलो. एकही हाड मोडलं नाही याचं सगळ्यांना कोण कौतुक! पण मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणून तुटल्या होत्या. हात जागेवर आहे, दिसायला धड आहे, बोटांना थोडं गरम-गार कळतं, बाकी काही नाही. रबाळ्याच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो, तिथून उचलून मला स्टोअरच्या टेबलावर बसवलं. स्कूटर बायको चालवायला लागली. मी मागे बसतो आणि सूचना देतो. "गॅस दे, अगं गॅस दे, मागून ट्रक येतोय." तिने आजवर एकदाही गॅस दिलेला नाही.

हाताचं एक वेळ सोसलं असतं. मला सोसत नाहीत ते दोन शब्द, "राहू द्या". भाजीची पिशवी उचलायला जावं तर भाजीवाला म्हणतो, राहू द्या काका. स्टोअरमध्ये साधं खोकं सरकवायला वाकलो की तिघं धावतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी कशावर तावातावाने बोललो, तर समोरचा माझ्या हाताकडे बघून गप्प बसतो. माझ्याशी कुणी धड भांडतसुद्धा नाही. माणसाला याचा किती राग येऊ शकतो हे हात असलेल्यांना समजवणं कठीण आहे.

म्हणून मला तो क्लब प्यारा होता. आमच्यासारख्याच वेड्यांचा ऑनलाइन क्लब, सगळी मराठी माणसं, एकमेकांना फक्त आवाजाने ओळखणारी. त्यात नाशिककडचे एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते आमचा पडदा लांबून बघतात आणि चूक झाली की खेकसतात. मलाही खेकसायचे. "अहो, नाक बघा, नाक! विमान आहे की होडी?" ते ओरडले की मला बरं वाटायचं. माझ्या हाताचं तिथे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं अशी माझी धडपड होती.

मग क्लबाने ठरवलं की आपण सगळ्यांनी एकामागून एक आपापली विमानं नव्या विमानतळावर उतरवायची. माझ्या खिडकीतला विमानतळ! पण मास्तरांची अट होती. ज्याला यायचं त्याने आधी परीक्षा द्यायची, आणि शेवटचा टप्पा पूर्ण हाताने उडवायचा.

पहिल्या परीक्षेत मी ऑटोथ्रॉटल लावून उतरलो. "तो काढा," मास्तर म्हणाले. "हाताने म्हणजे पूर्ण हाताने." दुसऱ्या वेळी काढला. जॉयस्टिकवरच्या बटणांनी ताकद कमीजास्त करून बघितली होती, पण ती धक्क्याधक्क्याने बदलते, उतरताना तेवढी बारीक जमत नाही. तेव्हा मी जॉयस्टिक सोडायची, उजव्याच हाताने पलीकडचा दांडा हलवायचा आणि परत जॉयस्टिक धरायची असा उद्योग केला. तेवढ्यात पंख कलंडायचा. मास्तरांना कळेना. "तुमचा दुसरा हात काय करतोय? चहा पिताय का?"

"हो," मी म्हणालो. "चहा."

सगळे हसले. मीही हसलो. माईक बंद केला आणि टेबलावर अशी मूठ आपटली की कीबोर्ड खाली पडला.

बायको कोळंबी सोलत होती. ती खाडीकाठच्या गावातली, तिच्या माहेरी आवाज चढवल्याशिवाय कुणी बोलत नाही, पण माझा आवाज चढलेला तिला चालत नाही. "काय झालं येवढं?" म्हणत तशीच उठून आली. मी सांगितलं. ती थ्रॉटलकडे बघत राहिली. "येवढंच ना? मी हलवते. तुमी सांगा."

"आधी हात धू."

तिने हात धुतले, माझ्या डाव्या बाजूला स्टूल ओढलं आणि दांडा धरला. मी वाढव म्हणालो की वाढवायची, कमी म्हणालो की कमी करायची. निदान सुरुवातीला तरी. आम्ही विमान खाडीत बुडवलं, डोंगरावर आपटलं, एकदा विमानतळ सोडून हायवेवर नेलं. दर वेळी भांडण. "मी सांगितल्यावर इतका वेळ का लावतेस?" "तुमी सांगेपरेंत वेळ गेलेली असते." मी चिडून म्हणालो, तुझ्यापेक्षा यंत्र बरं. ती म्हणाली, मग त्याच्याशीच लगीन करायचं होतं. तरी पुढच्या रविवारी जेवणं झाली की मी न बोलावताच ती स्टूल घेऊन हजर.

परीक्षेत माईक चालू ठेवावा लागतो, मास्तर मधेच प्रश्न विचारतात. म्हणजे तिला तोंडाने सांगायची सोय नव्हती. मग आम्ही टेबलाखालची खूण ठरवली. मी पायाने तिला एकदा ढोसलं तर वाढव, दोनदा ढोसलं तर कमी कर.

तिसऱ्या परीक्षेला मी तिला सारखा ढोसत होतो. नाक नेहमीसारखं डुलत होतं, पण वेगाचा आकडा खिळ्याने ठोकल्यासारखा जागच्या जागी. चाकं टेकली, विमान थांबलं. स्पीकरमधून मास्तरांचा आवाज आला. "नाक अजून कच्चं आहे. पण थ्रॉटल! वा! इतका हलका हात क्लबात दुसऱ्या कुणाचा नाही. पास."

"सवय झाली आता," मी म्हणालो.

स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला. बायको स्वयंपाकघरात गेली.

माईक बंद करून मी मागोमाग गेलो तर ती ओटा पुसत होती, आधीच पुसलेला. "आता काय झालं? पास झालो की."

"तुमी झालात." फडकं काही थांबलं नाही. "शर्टाची बटनं मी लावते, बाटलीचं झाकन मी काढते. तिथं कोनी लावलं, कोनी काढलं, कोन इचारतं? मलापन नको हाय. पन ह्ये मला आवडलं होतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आनि तुमच्या लाथा मी बघितल्याच नाय. आकडा बघत होते. तुमचं आयकलं असतं तर खाडीत गेलो असतो."

मला तिचा राग आला. मास्तरांचा आला, त्या हाताचा आला. माझं म्हणावं असं एकच ठिकाण उरलं होतं आणि तेही आता जाणार हे मला ओट्याशी उभ्याउभ्याच कळलं. मी बाहेर आलो, माईक चालू केला आणि मास्तरांना सांगून टाकलं. थ्रॉटल माझ्या बायकोने धरला होता. माझा डावा हात चालत नाही. चहाबिहा काही नव्हता.

मग मास्तर बोलले, इतक्या मऊ आवाजात की तो त्यांचा वाटेना. "अहो, आधी नाही का सांगायचं? मग राहू द्या ना. तुम्हाला परीक्षा कशाला? तुम्ही असेच या."

झालं. तेच दोन शब्द.

"असा येणार नाही," मी म्हणालो. "परीक्षा परत घ्या. आत्ता घ्या."

"पण नियमाप्रमाणे स्वतःच्या हाताने..." मास्तर चाचरले.

बायको कधी येऊन उभी राहिली होती मला कळलं नव्हतं. ती माईककडे वाकली. "हाताने म्हनता ना? आमी ह्यांचाच हात लावतो. तुमी घ्या परीक्षा." ती स्टुलावर बसली. माझा डावा हात मांडीवर पडला होता तो तिने मनगटाला धरून उचलला, थ्रॉटलच्या दांड्यावर ठेवला, बोटं एकेक करून त्याभोवती वळवली आणि वरून स्वतःचा हात दाबला. ओटा पुसून तिचा हात ओला होता. तो गारवा मला कळला.

मास्तर म्हणाले, "चला, घ्या वर."

विमान परत वर गेलं आणि वळून धावपट्टीच्या दिशेला आलं. मी जॉयस्टिक इतकी आवळून धरली होती की नाक आधीपेक्षाही वाईट डुलायला लागलं. मास्तरांनी बराच वेळ कळ काढली. त्यांना हे जड जात होतं, त्यांच्या श्वासावरून कळत होतं. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"नाक! अहो नाक! झोपलात का काय?" ते खेकसले.

इतकं बरं मला स्कूटरवरून पडल्यापासून वाटलं नव्हतं. मी टेबलाखाली बायकोला पायाने एकदा ढोसलं, वाढव म्हणून. तिने दांडा मागे ओढला, माझ्या हातासकट.