गच्चीवरचा बाण

दगडी इमारती दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली आणि खरं सांगायचं तर आता दगडांचाही कंटाळा आला आहे. सोलापूरबाहेर तळ्याकाठचा हा जुना बंगला माझं शेवटचं काम. ऊन डोकं उठवणारं होतं आणि गुडघ्यांनी तर केव्हाच हात टेकले होते. गच्ची गळत होती, तिथलं काम चालू होतं. गवंडी खाली येऊन म्हणाला, "सायेब, वर चुन्याचे कसलेतरी जाड पट्टे हायती. ठेवायचे का काढायचे?" मी सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो. "खरवडून टाका," म्हटलं. वर जाऊन पाहिलं नाही.

आठवड्याभरानं वळसंगहून एक आजी एसटीनं आल्या. वय ऐंशीच्या पुढचं. त्यांचे वडील एकेकाळी या बंगल्याचे राखणदार होते.

"गच्चीवरचा बाण बगाय आलेय," त्या म्हणाल्या.

कसला बाण ते त्यांनीच सांगितलं. विमानं नवी होती तेव्हा वैमानिक रेल्वेचे रूळ आणि तळी बघत वाट काढायचे. तळं दिसलं की बंगला दिसायचा, आणि गच्चीवरचा चुन्याचा भला मोठा बाण त्यांना माळावरची उतरायची जागा दाखवायचा. वडील दरवर्षी दिवाळीआधी त्यावर चुना फिरवायचे. पुढे विमानांना त्याची गरज उरली नाही, तरी ते मरेपर्यंत फिरवत राहिले.

"मी बादली धरायची. डोळं जायच्या आत एकदा बगावं म्हनलं."

गवंड्यानं विचारलेले ते चुन्याचे पट्टे मला आठवले. "आजी, जिना फार उभा आहे," एवढंच सुचलं. तोवर त्या दोन पायऱ्या चढल्याही होत्या.

मीही मागोमाग चढलो. गच्ची कोरी करकरीत होती. "मीच काढायला सांगितला. न बघता," मी म्हणालो. इतकी लाज मला कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

त्या रागावल्या नाहीत. काठी टेकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. "हितनं तितवर होता. टोक माळाकडं." तेवढ्यात मुंबईचं विमान डोक्यावरून गेलं. आम्ही दोघांनीही वर पाहिलं नाही.

"तुमी तवा वर आलाच न्हाई व्हय?"

"नाही. गुडघे दुखतात."

त्या कठड्याला टेकल्या. त्यांना धाप लागली होती.

"माजं बी दुखत्यात की," म्हणाल्या, आणि चुन्याची बादली मागितली.