दीपाच्या नावाची डिस्क

गव्हाणची शेती सरकारी संपादनात गेली आणि जगन घरतला बंदरावर माल मोजायची नोकरी लागली. जमिनीच्या पैशातून नवीन पनवेलला दोन खोल्या झाल्या. नोकरीपाठोपाठ नादही लागला. जपानी खलाशांना सुके सोडे द्यायचे आणि बदल्यात व्हिडिओ गेमचं सामान घ्यायचं. गेमच्या यंत्राखाली एक लाल खोका बसे, त्यात पिवळी चौकोनी डिस्क सारायची. सात-आठ वर्षांत असे तीन खोके आणि चाळीसेक डिस्क जमल्या. "आता जपानातही हे कुणी विचारत नाही," असं खलाशी हसून सांगत. जगनला उलट जास्तच जोर चढे.

एका डिस्कला मात्र तो कुणाला हात लावू देत नसे. लेक बारा वर्षांची असताना बापलेकीने ती मिळून खेळली होती. त्या डिस्कवर अर्धा सोडलेला खेळ आणि खेळणाऱ्याचं नाव दोन्ही राहून जात. सुरू केली की पडद्यावर 'दीपा' उमटे. तेवढं बघायचं आणि बंद करायचं.

कारण घरात दीपाचं नाव काढायचं नाही, हा त्याचाच हुकूम होता. सत्त्याण्णव साली तिने परजातीतल्या प्रणितशी लग्न करून जवळच विचुंब्याला संसार थाटला. लोकांनी महिन्याभरात विषय सोडला, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

त्या दसऱ्याला जगनने नेहमीसारखी पाटावर खोक्यांची आणि डिस्कची पूजा मांडली. कुंकू लावायचं ते कडेच्या प्लास्टिकला. डिस्कच्या मधल्या खिडकीत आतली चकती उघडीच असते, तिला धूळही सोसत नाही, हे तो पुरतं जाणून होता. दीपाची डिस्क हातात असतानाच गुणाबाईने, त्याच्या बायकोने, दार उघडलं. आपट्याची पानं घेऊन लेक उंबऱ्याबाहेर उभी.

"बाबा, सोनं घ्या ना."

जगनने मान वर केली नाही. हट्टाने कुंकू लावत राहिला, लक्ष मात्र दाराकडे होतं. पानं उंबऱ्यावर ठेवून ती गेली, तेव्हा त्याने पाहिलं. कुंकू खिडकीत गेलं होतं.

डिस्क लावली, खोका नुसताच घरघरला. नाव आलं नाही. कापसाने पुसून पुन्हा लावली, तरी नाही. तो बायकोवरच खेकसला, "दार कशाला उघडलंस?"

"पोर दारान उबी होती, तवा मान वर नाय केली तुमी," गुणाबाई म्हणाली. "आता डबड्यान तिचं नाव शोधताव? इचुंबं काय जपानान हाय?"

जगनने नवा कापूस मागितला.