साराबाईची घागर

साराबाईला पाणी द्यायला मी विसरले, तिथून ही साक्ष सुरू होते. कामाच्या घाईत विसरले असं नाही. मी मैदानावर होते, पोरींना खो-खो शिकवत होते आणि मला दुसरं काही आठवलं नाही. साक्ष देताना लोक आपली चूक जरा मऊ करून सांगतात. मला ते जमत नाही. आमच्या चर्चचे आताचे पाळकसाहेब म्हणाले लिहून द्या, म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली आहे. अक्षर सुधारून घ्या, मजकूर बदलू नका.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. जिल्हा नवा आणि पाणी नाही, अशी ती वर्षं होती. चाकूरजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळीचं मुलींचं वसतिगृह होतं आणि मी तिथं स्वयंपाकीण होते. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. पोरी मला मावशी म्हणत. लहानपणी मी खो-खो खेळलेली, लग्नानंतर सुटलं. पण पोरी अंगणात खेळू लागल्या आणि माझ्याच्यानं राहवेना. मी दोन खांब रोवून घेतले आणि संध्याकाळी भाकरी झाल्या की पदर खोचून त्यांना शिकवू लागले. पुढं तर असं झालं की प्रार्थनेला डोळे मिटले तरी मला खांबच दिसत. पाळकसाहेब आशीर्वाद देत असत आणि मी मनात तिसऱ्या पोरीला सातव्या जागी बसवत असे. याची लाज वाटायची, पण सुटायचं नाही.

दुष्काळात पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितलं की ज्यांना चालवत नाही अशा सात घरी आपण रोज पाणी पोचवायचं. ते काम मी मागून घेतलं. साराबाई त्यातलीच. एकटी म्हातारी, कमरेतून मोडलेली, जिभेनं तिखट. त्या दिवशी सहा घरं झाली आणि सातव्या, साराबाईच्या घरी जायच्या आधी, अंधार पडायच्या आत एक डाव होऊ दे म्हणून मी मैदानावर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन गेले तर ती दाराकडं तोंड करून पडली होती. ओठ कोरडे पडले होते. एवढंच म्हणाली, "आलीस?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तशीच उपासनामंदिरात गेले, गुडघे टेकले आणि बोलले, प्रभू, पाऊस पाड. पाऊस पडेपर्यंत मी मैदानाकडं बघणार नाही, खो हा शब्द तोंडातून काढणार नाही. आमचे आजे-पणजे देवाला नवस बोलत आले. धर्म बदलला, पण ती सवय माझ्या तोंडात राहिली होती. आपल्याला सगळ्यात आवडतं ते देवाला देऊन टाकलं की देव ऐकतो, असं मला वाटलं.

पाळकसाहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, आपल्यात नवस नसतो. देव काय बाजारात बसलाय का भाव करायला?"

मी म्हटलं, "आता बोलून बसले. शब्द दिलाय."

साराबाईला सांगितलं, म्हटलं हिला तरी बरं वाटेल. ती उठून बसली. "तुला खेळ सोड म्हणून कुणी सांगितलं? मला पाणी पाह्यजे होतं. तुझा खेळ घेऊन मी काय करू, पिऊ?"

मी ऐकलं नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यात शाळेतल्या गुरुजींनी बातमी आणली. नव्या जिल्ह्याचे सामने लातूरला होणार, आपल्या पोरींचं नाव देऊ या. पण सोबत बाईमाणूस असल्याशिवाय आईबाप पोरी पाठवणार नव्हते आणि शिकवणारी तरी दुसरी कोण होती? पोरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहत. रूथ सगळ्यात लहान आणि सगळ्यात चपळ. ती रोज विचारायची, "मावशे, आज ढग आलेत बघ. पडला तर चालंल न्हवं?" ढग येत आणि नांदेडकडं निघून जात. आभाळाचा मला इतका राग कधी आला नव्हता. पंधरा दिवस गेले. नाव द्यायला दोन दिवस उरले.

गावातले आड आटले होते. पाटलाच्या शेतातली जुनी बारव तेवढी उरली होती. एरवी आम्हाला तिथं पायरी उतरू देत नसत. त्या वर्षी तहानेनं सगळं गाव एका पायरीवर आणलं. त्या सकाळी वरचा रहाट मोडला. आता तळापर्यंत उतरून पाणी आणायचं. पायऱ्या अरुंद, वर येणारीला आणि खाली जाणारीला एकमेकींना वाट देता येईना. घागरी आपटू लागल्या.

"तुझ्या ढकलण्यानं माझी अर्धी घागर सांडली."

"मग अर्धीच पी. मला काय सांगून राहिलीस?"

पोरी माझ्या मदतीला आल्या होत्या. मी सात घरांच्या रिकाम्या घागरी पुढं ठेवून वरच्या पायरीवर बसले. उन्हं वर चढत होती, मला भाकरी करायच्या होत्या आणि आपला नंबर लागेल असं दिसत नव्हतं. खरं सांगते, मी देवाला म्हटलं, खेळ घेतलास, पाऊस दिला नाहीस, आता हे पाणीही नको देऊ. असं बोलले. लपवून काय करू?

तेवढ्यात पाठीवर मागून थाप बसली. चांगली जोरात. "ऊठ की बाई, बसून काय राहिलीस? या पोरी काय शोभंला आणल्यास? उभ्या कर एकेक पायरीवर."

पाठीवर हात पडला की उठायचं हे माझ्या हाडात लहानपणापासून बसलेलं. विचार करायच्या आत मी उभी होते. वळून पाहिलं तर एक अनोळखी बाई, कपाळावर मोठं कुंकू, काखेत कळशी, माझ्यावर वैतागलेली. मी नऊ पोरी पायऱ्यांवर उभ्या केल्या आणि स्वतः तळाशी गेले. पहिल्या घागरी हिसकल्या, सांडल्या, कारण सगळ्या एकाच बाजूला तोंड करून उभ्या होत्या. मी खालून ओरडले, "मैदानावर बसता तशा!" झालं. एकीचं तोंड उजवीकडं, दुसरीचं डावीकडं. घागर हातातून हातात अशी वर जाऊ लागली की पाण्याला हिंदकळायला सवड मिळेना. आणि रूथनं, तिच्या ध्यानीमनी नसताना, घागर पुढच्या पोरीच्या हातात देताना म्हटलं, "खो."

सगळ्यांचे हात थांबले. माझ्याकडं बघत होत्या. मला हसू आलं. बारवेच्या तळाशी गुडघाभर गाळात उभी राहून मी हसत सुटले. मग काय, प्रत्येक घागरीला खो. आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होत होता. भांडणाऱ्या बायका हसू लागल्या. पाटलाच्या सुनेनं आपली घागर आमच्या पोरींच्या हाती द्यावी की नाही म्हणून जरा थांबून पाहिलं, मग तीही पुढं केली. उन्हं तापायच्या आत सगळ्या गावाचं पाणी भरून झालं. सात घरांचंही.

वर आले तर ती बाई नव्हती. कुणाची पाव्हणी म्हणून मी घरोघर विचारलं. कुणी म्हणालं नांदेडकडची असंल, कुणी म्हणालं वाटसरू असंल. नक्की कुणालाच सांगता आलं नाही. मी चौकशी सोडून दिली. मला जे मिळायचं ते पाठीत मिळालं होतं.

पाळकसाहेबांकडं जाऊन सांगितलं, नवस मोडला. ते म्हणाले, "तो घेतलाच कुणी होता?" दुसऱ्या दिवशी गुरुजींनी नाव दिलं.

लातूरला पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसरा मुरुडच्या पोरींनी आमच्याकडून घेतला, आणि चांगला खेळून घेतला. एसटीत आमच्या पोरी हरलेल्या असूनही चाकूर येईपर्यंत गात होत्या. कंडक्टर म्हणाला, "जिंकून आलात वाटतं?" रूथ म्हणाली, "न्हाई, हरून."

मला मात्र दिवसभर एकच घोर होता. साराबाईच्या पाण्याची सोय मी पाळकसाहेबांच्या पत्नींना सांगून गेले होते, आणि गावात एसटीतून उतरताच कळलं की त्या तापानं पडल्या आहेत. मी पिशवी टाकून धावत गेले. साराबाई दारात बसली होती. घागर काठोकाठ भरलेली, वर झाकण.

"आलीस?" ती म्हणाली. या वेळी हसून.

"कुणी भरली?"

"पाटलाची सून आली होती चार बायका घेऊन. खो खो वरडत होत्या भवान्या. तुझ्यावाचून काय गाव तहानेनं मरतंय व्हय? हरलीस का जिंकलीस ते सांग."

पाऊस त्या वर्षी आलाच नाही म्हणावा इतका थोडा आला. त्यावरून मी देवाशी परत वाद घातला नाही. साराबाई गेली, वसतिगृह बंद झालं, रूथ नांदेडला नर्स झाली आणि आता तिची नात खेळते. देवाचे उपकार मोजून मानायला मी बसले तर रविवार पुरणार नाही.

आता माझे गुडघे गेले आहेत. उपासनेला शेवटच्या बाकावर बसते. डोळे मिटले की अजून खांब दिसतात, पण आता लाज वाटत नाही. ते देवालाही दिसत असतील. खो-खोत बसलेल्या पोरीनं खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं आणि मिळाल्यावर बसून राहायचं नसतं. खो देणारा मागून येतो, तो दिसत नाही. मी त्यानं बसवलंय तिकडं तोंड करून, टाचा उचलून बसले आहे. पाठीवर हात पडला की उठेन.